आमची वाटचाल : पेरणी यंत्रापासून पोलादी टार्गेटपर्यंत

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये दाराजवळ पहिल्या पेरणी यंत्राचा सांगाडा अजून उभा आहे. 2012-13 च्या दुष्काळात औजारांची मागणी पार आटली आणि कामगारांना घरी बसवायचे नाही म्हणून मिळेल ते फॅब्रिकेशन मी धरले. त्याच दिवसांत सैन्यातून निवृत्त झालेले आणि एका परवानाधारक नेमबाजी रेंजवर मुलांना .22 रायफल व .32 पिस्तूल शिकवणारे एक सुभेदारसाहेब शेडवर आले. गोळ्यांच्या खळग्यांनी भरलेली टार्गेटची एक प्लेट माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मालक, ही साधी एम.एस., म्हणजे साधे मऊ पोलाद आहे. हिच्यावर मारलेले शिसे माझ्याच पोरांकडे परत येते.”

जालना सळईसाठी प्रसिद्ध असले तरी सळईच्या पोलादाचा या कामी उपयोग नाही. साध्या पोलादाची कठीणता ब्रिनेल मापात 120 ते 150 च्या आसपास असते. त्यावर खळगा पडला की पुढची गोळी त्या वाटीत वळते आणि तिचे तुकडे नेमबाजाच्या दिशेने उलटतात. 500 ब्रिनेलच्या प्लेटचा पृष्ठभाग सपाट राहतो, शिसे त्यावर फुटून प्लेटच्या पातळीला लगटून कडेने उडते आणि ते कोणत्या दिशेला जाणार हे आधी सांगता येते. आमच्या धंद्याचा सगळा पाया एवढाच आहे. टिपरच्या हौद्याला लावतात त्या कठीण प्लेटचे उरलेले तुकडे मी वजनावर घेतले, .22 साठी 6 मि.मी. आणि पिस्तुलासाठी 10 मि.मी. अशी जाडी ठरवली आणि काम सुरू केले.

पहिली चूक माझीच होती. प्लेटच्या पाठीमागे मी बिजागरी वेल्ड करून घेतली. महिनाभरात सुभेदारसाहेबांनी ती प्लेट परत आणली. पाठीवर वेल्डच्या कडेने बोटभर रुंदीचा निळसर पट्टा उमटला होता आणि पुढच्या बाजूला नेमके तेवढ्याच पट्ट्यात खळगे होते. हे पोलाद 200 ते 250 अंशांपुढे तापले की त्याचे पाणी उतरते, म्हणजे कठीणपणा जातो, हे मी त्या दिवशी बोट फिरवून शिकलो. तेव्हापासून आमच्या प्लेटवर ना गॅस कटिंग होते ना वेल्डिंग. कापणी वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने, जॉबवर्कने होते आणि प्लेट गोल डोक्याच्या एकाच कॅरेज बोल्टवर टांगली जाते, मागे स्प्रिंग असते.

पुढची चार-पाच वर्षे काम नीट चालले.

2019 मध्ये मात्र आम्ही बुडता बुडता वाचलो. आमच्यासारखेच पिवळे स्टँड करून दुसरा एक व्यावसायिक निम्म्या दरात प्लेट विकू लागला. त्या एम.एस.च्या होत्या आणि वर जाड पांढरा रंग होता. बाहेरच्या जिल्ह्यातील एका रेंजने आमच्या आठ प्लेटांशेजारी त्याच्या सहा लावल्या. सरावात एका मुलीच्या गालाला तुकडा लागला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. दोष आमच्यावर आला, आमचे बिल अकरा महिने अडकले, दोन ऑर्डरी रद्द झाल्या आणि बँकेचा हप्ता भरण्यासाठी मला लेथ विकावी लागली. माझ्या वडिलांनी घेतलेली ती लेथ होती.

अखेर सुभेदारसाहेब स्वतः माझ्याबरोबर त्या रेंजवर आले. आमच्या जुन्या कारागिराने चौदाही प्लेटांचा कडेचा रंग खरवडून एकेकीवर कानस फिरवली. आमच्या आठ प्लेटांवर ती घसरली आणि जेमतेम ओरखडा उठला. उरलेल्या सहांवर तिने खरखर आवाज करीत किस काढला. सगळे खळगे त्या सहांवरच होते. बिल मिळाले, परंतु दिलगिरीचा एक शब्दही आजपर्यंत मिळालेला नाही. तो व्यावसायिक अजूनही तसाच माल विकतो आणि हे मला अजूनही सहन होत नाही. त्यापाठोपाठ मार्च 2020 ची टाळेबंदी आली. त्या काळात आम्ही दवाखान्यांचे स्टँड करून तग धरला.

आता प्रत्येक प्लेटच्या पाठीवर क्रमांक ठोकलेला असतो, टेस्ट सर्टिफिकेटची प्रत सोबत जाते आणि परवानाधारक रेंजखेरीज आम्ही माल देत नाही. ग्राहकाने विचारले नाही तरी काही गोष्टी मी सांगतोच. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पिस्तुलाच्या नियमांत धातूच्या टार्गेटपासून किमान 7 मीटर अंतर आहे. नवशिक्यांसाठी मी 10 मीटर धरायला सांगतो. प्लेट पुढे झुकलेली असावी, म्हणजे शिसे जमिनीत जाते. साधारण 20 अंशांचा झुकाव आम्ही देतो. 30 सेंटिमीटर उंच प्लेटच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला तर तो खालच्या कडेच्या सुमारे 10 सेंटिमीटर पुढे पडला पाहिजे. कडेने उडणाऱ्या शिशाच्या रेषेत दुसरा नेमबाज, दगड किंवा स्टँडचा उघडा कोन असू नये. पोलादी गाभ्याची गोळी आणि मोठ्या रायफलची गोळी या प्लेटवर कधीही मारू नये. चष्मा नेमबाजाइतकाच पाहणाऱ्यालाही हवा. खळगा दिसला की प्लेट त्याच दिवशी उतरवावी, स्पर्धा संपण्याची वाट पाहू नये.

मराठवाड्यातील रेंजवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. प्लेटपुढे मुरूम टाकू नका, त्यातल्या खड्यांवरून गोळी उसळते; तिथे चाळलेली माती किंवा वाळू टाका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते, त्यामुळे मार्चमध्ये बरोबर लावलेला स्टँड जुलैमध्ये मागे कललेला असतो आणि खाली जाणारे शिसे वर उडू लागते. सुभेदारसाहेबांचे वय आता सत्तरीपुढे आहे, तरी मृग बरसला की ते खिशात ओळंबा घालून रेंजवर जातात, प्रत्येक प्लेटचे अंतर सेंटिमीटरमध्ये वहीत लिहितात आणि संध्याकाळी मला फोन करतात, “मालक, तीन नंबर दोन बोटे मागे गेली आहे, उद्या पाना घेऊन पोरगा पाठवा.”