आधी पिलर, मग मोटर

घरच्या जुन्या गेटला मोटर बसवायची म्हटलं की सगळे पहिले मोटर शोधायला लागतात, कोणती कंपनी, किती किलोची, मोबाईलवर चालते का, आणि गेटकडे कोणी पाहतच नाही. बाबांचा खांदा आखडलाय, आमचं गेट बारा फुटी, दोन पल्ल्यांचं, खालपासून वरपर्यंत पत्रा मारलेलं, आणि मे महिन्यात दुपारी कडीला हात लावायचा तर फडकं घेऊनच जावं लागतं, म्हणून यंदा ठरवलं की बसवूनच टाकू. एका दुकानदाराने व्हॉट्सॲपवर गेटचा फोटो मागवला आणि लगेच कोटेशन पाठवलं. पिलरचा पाया किती खोल, पल्ला हलतो कसा, बिजागऱ्या कोणत्या, काही म्हणजे काही विचारलं नाही. मला ते बिलकुल पटलं नाही, कारण नागपुरात अर्ध्या गेटांचं दुखणं जमिनीखाली असतं.

आमच्या मानेवाड्याच्या बाजूला काळी माती आहे. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत बोटं जातात. तिच्यावर दोन फुटाच्या पायावर उभा केलेला पिलर दरवर्षी थोडा इकडे थोडा तिकडे होतो, डोळ्याला दिसत नाही पण पल्ला बरोबर सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये कडी जुळत नाही, पल्ला उचलून लावावा लागतो, आणि दिवाळीनंतर तीच कडी आपोआप जुळते. हाताने उघडताना आपण नकळत पल्ला थोडा उचलतो, थोडा ढकलतो, सांभाळून घेतो. मोटरला हे जमत नाही. पल्ला कुठे घासला की ती समजते मध्ये काहीतरी आलं, मग थांबते नाहीतर उलटी फिरते, मग आपण तक्रार करतो आणि माणूस येऊन फोर्स वाढवून जातो. त्याने गेट चालतं खरं, पण मग उद्या खरोखर लेकरू मध्ये आलं तरी ते थांबत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. गेट जितकं हलकं फिरेल तितका फोर्स कमी ठेवता येतो, आणि फोर्स कमी असणं हीच खरी सेफ्टी, बाकी सेन्सर वगैरे त्याच्यानंतर.

आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेटर भाऊ आहेत, त्यांनी आल्याआल्या पिशवीतून ओळंबा काढला. मी मोटरचं विचारायला लागले तर म्हणाले, "मोटरचं मंग पाहू ना ताई, पहिले खांब तर सरळ उभा आहे का ते पाहू द्या." मग त्यांनी पल्ला अर्धा उघडून हात सोडला. पल्ला तिथेच राहायला पाहिजे. डावीकडचा राहिला, उजवीकडचा हळूहळू आपला आपण आत सरकत गेला. ओळंबा लावला तर उजवा पिलर वरच्या टोकाला जवळपास अंगठाभर आत झुकलेला. ही टेस्ट कोणीही करू शकतं, एक रुपया लागत नाही, आणि कोटेशन मागवायच्या आधी प्रत्येकाने करावीच.

मग उजवा पिलर पाडून मुरूम लागेपर्यंत खणलं, नवा आरसीसी कॉलम उभा केला, आणि गेटच्या खालून दोन्ही पिलर बांधणारा टाय बीम टाकला, म्हणजे हलले तरी दोघं मिळून हलतील, अंतर तेवढंच राहील. आई म्हणाली मोटरसाठी एवढं खोदकाम काहून करून राहिले, पण मोटर नसती बसवली तरी हे काम कधीतरी करावंच लागलं असतं. त्यातच केबलचे पाईपही टाकून घेतले, वीज पुरवठ्याचा वेगळा आणि सेन्सरचा वेगळा, नंतर फरशी फोडायला नको.

बिजागऱ्या बदलून खाली बेअरिंगवाल्या लावल्या. आणि वरचा अर्धा पत्रा कापून तिथे ग्रिल बसवली. यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण रस्त्यावरून अंगण दिसतं, पण पूर्ण पत्र्याचं गेट म्हणजे नागपूरच्या मे-जूनच्या वादळात शिडासारखं वारं पकडतं आणि तो सगळा जोर मोटरच्या गिअरवर येतो. बॅग मोजायचा जो हुकवाला डिजिटल काटा असतो तो कडीला अडकवून आम्ही पल्ला ओढून पाहिला होता, आधी वीस किलोच्या वर दाखवायचा, काम झाल्यावर तीन-चार किलोत पल्ला फिरायला लागला. बाबांनी डाव्या हाताने उघडून पाहिलं, तेव्हा अजून मोटर आलीसुद्धा नव्हती.

आता मोटर. उघडणाऱ्या पल्ल्यांसाठी साधारण दोन प्रकार चालतात, एक सरळ दांडा जो लांब-आखूड होतो, आणि एक मध्ये दुमडणारा हात. सरळ दांडा दिसायला छान असतो, पण आपल्याकडे पिलर जाड असतात आणि बिजागरी रस्त्याच्या बाजूच्या कडेला असते, त्यामुळे दांड्याचं आतलं ब्रॅकेट बिजागरीपासून फार लांब पडतं आणि पल्ला पूर्ण ९० डिग्री उघडत नाही. आमचंही तसंच होतं म्हणून दुमडणारा हात घेतला. ब्रॅकेट पत्र्यावर वेल्ड करू देऊ नका, मागे आडवा चॅनेल पाहिजेच. आणि जमिनीत जाणारी उभी कडी आम्ही कापूनच टाकली, कोणी सवयीने ती खाली टाकली आणि कोणी रिमोट दाबला की पल्ला वाकलाच समजा. तिच्या जागी मधोमध लोखंडी स्टॉपर काँक्रीटमध्ये बसवला. सरकणारं गेट असेल तर दोन्ही टोकांना असे पक्के स्टॉपर हवेतच, फक्त लिमिट स्विचच्या (गेट टोकाला आलं की मोटर बंद करणारं बटण) भरवशावर राहू नये, ते फेल झालं तर अख्खं गेट ट्रॅकवरून सुटून माणसाच्या अंगावर पडू शकतं.

उन्हाचं पण सांगते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री तापमान नोंदलं गेलं होतं, ते हवेचं, उन्हातल्या लोखंडाचं त्याहून कितीतरी जास्त. लोखंड दर मीटरला दर डिग्रीला ०.०१२ मिलीमीटर वाढतं, म्हणजे बारा फुटी गेट थंडीच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत दोन मिलीमीटरच्या वर वाढतं. म्हणून पल्ल्यांमधली फट फार घट्ट ठेवू नका. पाण्याचाही विचार करा, सिमेंट रोड झाल्यापासून बऱ्याच लेआऊटमध्ये रस्ता वर आणि घर खाली असं झालंय, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन केवढं पाणी घरांत शिरलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आमचा कंट्रोल बॉक्स छातीएवढ्या उंचीवर लावलाय, पाईपचं तोंड सिलिकॉनने बंद केलंय, नाहीतर पाली आणि मुंग्या आत शिरतात आणि बोर्ड शॉर्ट होतो. लाईनवर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच, आणि गेटला वेगळी अर्थिंग, यात बिलकुल काटकसर नको, पावसात ओल्या लोखंडाला घरातले सगळे हात लावणार आहेत.

सेफ्टीसाठी युरोपात ईएन १२४५३ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात गेट आणि खांबाच्या मध्ये सापडणाऱ्यावर ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोच्या वर दाब यायला नको आणि तोही पाऊण सेकंदात कमी व्हायला पाहिजे असं आहे. आपल्याकडे घरी येऊन हे कोणी मोजत नाही, म्हणून आपणच पाहायचं. फोटोसेल, म्हणजे मध्ये कोणी आलं की किरण अडून गेट थांबवणारे सेन्सर, गुडघ्याच्या खाली लावायला सांगितले, कारण माझा भाचा चार वर्षांचा आहे आणि गल्लीतली कुत्री गेटजवळच झोपतात. बसवणारा माणूस कमरेएवढ्या उंचीवर लावत होता, मी लावू दिले नाहीत. आपोआप बंद होण्याचा टायमर सध्या बंदच ठेवलाय, बाबांना घाई झालेली मला चालणार नाही.

लाईट गेली तर काय, हे सगळे विचारतात. २४ व्होल्टची मोटर घेतली की बॅटरीवर चालते. बॅटरीही संपली तर रिलीजच्या चावीने मोटर सोडवून हाताने उघडायचं, पण ती चावी आतून लागते, म्हणून बाजूचं छोटं गेट साध्या कुलपाचंच ठेवलंय. रिलीज कसं करायचं ते आईकडून माझ्यासमोर करून घेतलं.

ऑगस्टमध्ये परत ओळंबा लावणार आहे, पल्ल्यांमधली फटही मोजणार आहे. उन्हाळ्यातला आकडा पिलरवर आतून मार्करने लिहून ठेवलाय, पावसाळ्यातला आला की इथेच टाकते.