पेटी उघडली आणि आंबट वास आला

मी मधपाळांना ट्रेनिंग देते, त्यामुळे पाऊस उघडला की आमची फिरती सुरू. महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळा म्हणजे सातेरीची, आपल्या देशी मधमाश्यांची, उपासमारच, धड पराग नाही मकरंद नाही, साखरपाण्यावर कसेबसे दिवस काढायचे. तर अशाच एका सप्टेंबरात एका काकांचा फोन आला, "मॅडम पेटीत पोरं मरायला लागलीत, शेजारचा म्हणतोय थाई आलाय." थाई म्हणजे थाई सॅकब्रूड, पेटीतल्या अळ्या मारणारा व्हायरस, त्याचं नुसतं नाव काढलं तरी मधपाळाच्या पोटात गोळा येतो. वसाहतीच्या वसाहती रिकाम्या केल्यात त्याने.

गेले. पहिल्याच पेटीचं झाकण काढलं आणि आंबट वास आला, शिळ्या ताकासारखा. माश्या कमी, त्यातही सुस्तावलेल्या. पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्या-कोष असलेल्या पोळ्याची, चौकट वर काढली तर सगळा पिलावा ठिगळं लावल्यासारखा, एक घर झाकलेलं, शेजारी दोन रिकामी, मग मेलेली अळी, मग परत अंडं. निरोगी अळी कशी, पांढरी शुभ्र, ओली चमक असलेली, घराच्या तळाशी गोल वळून पडलेली. इथे अळ्या पिवळट पडलेल्या, काही तपकिरी, वाकड्यातिकड्या होऊन घराच्या भिंतीला चिकटलेल्या.

काका म्हणाले "थाईच ना?" मी म्हटलं थांबा जरा. थाईत अळी शक्यतो घर झाकायच्या सुमाराला मरते, लांब होऊन डोकं वर करून, आणि चिमट्याने उचलली की पाण्याने भरलेली पिशवीच हातात येते. इथे त्याच्या आधीच, चार-पाच दिवसांच्या अळ्या उघड्या घरातच मेलेल्या. मग काडेपेटीतली काडी घेऊन कुजलेल्या अळीत फिरवली आणि हळू वर ओढली. अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे अळ्या कुजवणारा दुसरा एक बॅक्टेरियाचा रोग, असता तर दोन-तीन सेंटीमीटर चिकट तार आली असती, आणि तो निघाला तर विषयच वेगळा, त्याचे बीजाणू कित्येक दशकं जिवंत राहतात, बऱ्याच देशांत पेटी सरळ जाळतात. तार काही आली नाही, लगेच तुटली. जीव भांड्यात पडला.

मग नुकतीच आजारी पडलेली एक अळी उचलून उन्हाकडे धरली आणि काकांना म्हटलं आता बघा. कातडी पारदर्शक असते ना, आतलं आतडं दिसतं. परागामुळे त्याला पिवळसर झाक असायला हवी, ते खडूसारखं पांढरंफटक. तो सगळा मेलिसोकॉकस प्लुटोनियस, युरोपियन फाउलब्रूडचा बॅक्टेरिया. नाव युरोपियन असलं तरी आपल्या सातेरीत 1971 मध्येच महाराष्ट्रात याची नोंद झालीय.

मला या रोगाचं सगळ्यात वाईट वाटतं ते हे की भरवणाऱ्या माश्या आपलं काम नीट करत असतात. त्यांच्या घासाबरोबरच बॅक्टेरिया आत जातो, आतड्यात बसून अळीचं अन्न खातो, वाढत राहतो. पोरांच्या पोटात जंत झाले की खाल्लेलं अंगाला लागत नाही तसंच, अळी मागत राहते आणि माश्या थोड्या, अन्न कमी, मग ती उपाशीच मरते. आणि एखादी तगलीच तर कोषात जाण्याआधी विष्ठेतून तो घरातच सोडते, पुढच्या अळीसाठी. म्हणून पावसाळ्यात, माश्या आणि पराग दोन्हीची बोंब असताना, हा डोकं वर काढतो.

काका कपाटातून टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी घेऊन आले, जनावरांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली. "साखरपाण्यात टाकू का?" मी नाही म्हटलं तर चिडले, "मग तुम्ही नुसतं बघायलाच आलात होय!" अहो काका, ते मधात उतरतं. 2010 मध्ये युरोपने आपला मध घेणं थांबवलं होतं, त्यात अँटिबायोटिकचे अंश हेही एक कारण होतं. आणि जुन्या पोळ्यात बसलेला बॅक्टेरिया तसाच राहणार, पुडी संपली की परत हजर.

बोलता बोलता कळलं की काकांनी कमजोर पेट्यांना जोर यावा म्हणून चौकटी इकडच्या तिकडे केल्या होत्या. म्हणजे रोग घरपोच! मग सगळ्यात खराब पोळी काढून जाळली, चौकटी कमी करून माश्या दाट बसवल्या, दारं बारीक केली म्हणजे दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लुटालूट नको, हाइव्ह टूल, म्हणजे चौकटी उचकटायची लोखंडी पट्टी, सोड्याने धुऊन जाळावर धरला, प्रत्येक पेटीनंतर, त्यात काकूंचा गॅस संपत आला म्हणून त्या वैतागल्या. एका पेटीतली राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवायला सांगितली, अंडीच नाहीत तर भरवायला अळ्याही नाहीत, तेवढ्यात माश्या घरं साफ करतात. साखरपाणी चालू. नमुना तपासायला पुण्याला पाठवला, उत्तर तेच आलं.

पुढे फुलोरा सुरू झाल्यावर बहुतेक पेट्या सावरल्या, एक गेली, तिची राणीच म्हातारी होती. पुडी मात्र काकांनी अजून टाकलेली नाही, म्हशीला लागेल म्हणतात.