कळण्याच्या भाकरीत कॅल्शियम किती?

खान्देशातलं रोजचं ताट हलकं नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, भरीत, वरून कच्चं तेल. पोट भरतं, अंगात ताकद राहते, प्रथिनं आणि तंतूही चांगले मिळतात. कॅल्शियम मात्र या ताटात फार कमी आहे, आणि आकडे मांडून पाहिल्याशिवाय ते ध्यानात येत नाही.

चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद धरले, तर १०० ग्रॅम कळण्याच्या पिठात साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम भरतं. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागलं तर तीसेक मिलिग्रॅम. दिवसाला चार भाकरी खाल्ल्या तरी सव्वाशे. प्रौढ माणसाची गरज आहे १,००० मिलिग्रॅम. अंगावर पाजणाऱ्या आईची आणि पाळी थांबलेल्या बाईची १,२००. वांग्यात नावापुरतंच. केळ्यात तर १०० ग्रॅमला दहा मिलिग्रॅमही नाही. हाडं मजबूत व्हावीत म्हणून मुलांना केळी देणारी घरं जळगाव जिल्ह्यात बरीच आहेत. केळं जरूर द्यावं, पण त्याच्या भरवशावर दूध बंद करू नये.

मग भर कुठून घालायची? म्हशीच्या दुधाचा २०० मिलीचा पेला म्हणजे सुमारे २४० मिलिग्रॅम. साय काढली किंवा ताकातलं लोणी काढलं तरी कॅल्शियम जात नाही, कारण ते स्निग्धांशात नसतंच. ताकात पाणी वाढवलं म्हणून ते वाढतही नाही. एका वाटी दह्याचं ताक चार पेले करा की दोन, कॅल्शियम त्या एका वाटीचंच. शेवग्याची शेंग सगळे खातात आणि पाला बकरीला जातो, हे मला फार खटकतं. शेंगेत १०० ग्रॅमला तीस-पस्तीस मिलिग्रॅम आणि पाल्यात तीनशेच्या वर. कोवळा पाला मुगाच्या डाळीत घालून केलेली वाटीभर भाजी दीडशेच्या घरात जाते. नागलीत (नाचणीत) १०० ग्रॅमला सुमारे ३६०, पण आपल्याकडे ती बहुतेक पापडातच उरली आहे आणि एका पापडात नागली असते ती कितीशी. शिवाय मीठ जास्त खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं, म्हणून पापडावर भिस्त नको. आठवड्यातून दोन-तीनदा नागलीची भाकरी किंवा आंबील करावी. तिळाची चटणी करताना अख्खे, साल असलेले तीळ घ्यावेत. तिळातलं बहुतेक कॅल्शियम सालात असतं. पांढरेशुभ्र सोललेले तीळ त्या बाबतीत रितेच. मात्र सालात कॅल्शियमला बांधून ठेवणारं ऑक्झलेटही असल्याने ते सगळं अंगी लागत नाही. पालकाचं तेच आहे: दुधातलं साधारण तीस टक्के कॅल्शियम शरीरात शोषलं जातं, पालकातलं जेमतेम पाच.

शोषणासाठी ड जीवनसत्त्व लागतं, आणि इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातचं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण फारच थोडे असतात. साधी खूण अशी: उन्हात उभं राहावं, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच ते ऊन कामाचं. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊलाच सावली आखूड झालेली असते. तेव्हा हात, पाय, पाठ उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं पुरे. पारा ४४-४५ वर जाणाऱ्या भागात दुपारी उन्हात बसायचा सल्ला कोणीही देऊ नये. डिसेंबरात उलट. तेव्हा सूर्य खालून जातो आणि दुपारी साडेबाराच्या आसपासच सावली जेमतेम उंचीइतकी होते. हिवाळ्यात भर दुपारीच, आणि थोडा जास्त वेळ. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

शेतात राबणाऱ्या बाईला ऊन कमी पडणार नाही, असं डॉक्टरही कधी कधी गृहीत धरतात. कापूस वेचताना तिच्या अंगावर काय असतं ते पाहा: लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल. उघडे फक्त डोळे आणि हाताचे पंजे. अशी बाई जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकते, पायरी चढताना मांड्या भरून येतात, चाल डुलती होते, कंबर आणि बरगड्या दाबल्या की दुखतात. तिला ‘वात’ म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलं जातं, आणि असतो तो अस्थिमृदुता हा आजार, म्हणजे हाड असूनही त्यात खनिज नीट न भरलेलं. तपासायचं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि फॉस्फरस. नुसतं रक्तातलं कॅल्शियम पाहून ‘नॉर्मल’ म्हणणं चूक आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडा-दातांत असतं, आणि रक्तात कमी पडू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडातून काढून रक्तात आणते. हाडं झिजत असतानाही रिपोर्ट चांगलाच येतो.

गोळ्यांबद्दल. पाकिटावरचा आकडा नीट वाचा: १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. एका वेळी त्याहून जास्त घेण्यात अर्थ नाही, शोषण घटतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेटची गोळी घ्यावी. गरोदरपणी १४व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिने ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. तीच बाई लोहाची गोळीही घेत असते, आणि दोन्ही एकदम गिळल्या की कॅल्शियम लोहाला अडवतं. दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, असा सर्वसाधारण कोर्स असतो. ती रोज घेतली, किंवा भारी मात्रेची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेतली, तर रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सतत लघवी, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा.

मूतखडा आपल्या उन्हाळ्याचा जुना सोबती. खडा निघाला की घरातले पहिल्यांदा दूध तोडतात, आणि नेमकं तेच करू नये. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते विष्ठेवाटे जातं. दूध-ताक बंद केलं की मोकळं ऑक्झलेट लघवीत उतरतं आणि खडे वाढतात. कमी करायचं ते मीठ. वाढवायचं ते पाणी, इतकं की दिवसाची लघवी अडीच लिटर व्हावी.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या तरुण मुला-मुलीच्या खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, लंगडत असेल, तर कॅल्शियम देत बसू नये. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये दिसतं. तेव्हाच सापडलं तर सांध्यावरचा भार कमी करून, उपचार करून काही वाचवता येतं.

तसाच खुबा खचवणारी आणि कण्याचे मणके चेपवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, तोंड गोल होतं. अशा पुडीत बहुधा स्टिरॉइड असतं. रोज स्टिरॉइड पोटात गेलं की पहिल्या काही महिन्यांतच हाडाची घनता घटू लागते. उंची चारेक सेंटिमीटरने कमी झाली असेल किंवा पाठीला बाक आला असेल तर हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी. तिच्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे अस्थिठिसूळता. पण पुड्या कित्येक आठवडे चालू असतील तर त्या एकदम फेकून देऊ नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर बंद पडलेलं असतं, आणि अचानक थांबवल्यावर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.