रॉडची रेघ

मे महिन्याची दुपार होती. चाळीसगावात त्या दिवसांत दोन ते पाचच्या मध्ये उघड्यावर ठेवलेला पाना हातात धरवत नाही. अशा वेळी आप्पा आपली पिकअप घेऊन माझ्या गॅरेजवर आले. भडगाव तालुक्यातली केळी भरायची, कन्नडचा घाट चढायचा, संभाजीनगरच्या बाजारात पहाटेपर्यंत पोचायचं, हा त्यांचा धंदा. गाडी मुलगा चालवतो, आप्पा शेजारी बसतात.

"भाऊ, टर्बो व्हयना, पंप व्हयना, तरी गाडीले दम नही. कन्नडना घाटमा पयला गेरवर चढस," आप्पा म्हणाले आणि इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या कामाची पावती माझ्यापुढे धरली. रक्कम लहान नव्हती.

दीड महिन्यापूर्वी त्यांचा मूळ टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, ऑइल फेकायला लागला होता. नव्याची किंमत झेपेना, म्हणून जुन्या स्पेअरच्या बाजारातून एक वापरलेला टर्बो आणून दुसरीकडे बसवून घेतला. तेव्हापासून काळा धूर, ओढ नाही, डिझेल जास्त. मग कोणी पंपावर बोट ठेवलं, कोणी डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. हे जुनं इंजिन, पंप मेकॅनिकल. स्कॅनर लावून चूक दाखवेल असं त्यात काही नाही. हात, कान आणि गेज, एवढ्यावरच शोधायचं.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर पाहिला, इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवला. आडवा किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. पुढे-मागे जवळजवळ नाही. पंख्याची पाती कुठे घासलेली नाहीत. म्हणजे आप्पांना माल चांगला मिळाला होता. हवेच्या पाइपला टी जोड लावून दाबाचा गेज जोडला आणि गाडीने हायवेला एक चक्कर मारली. बारा पौंडांच्या आसपास यायला हवं तिथे काटा पाचावर अडकला.

मग वेस्टगेटकडे वळलो. टर्बोच्या धुराच्या बाजूच्या घरात, म्हणजे कवचात, एक झडप असते. इंजिनातून निघालेला धूर टर्बोचा पंखा फिरवतो. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वाढला की ही झडप उघडते आणि थोडा धूर पंख्याला वळसा घालून सायलेन्सरकडे जातो. झडप उघडायचं काम ॲक्चुएटरचं, ज्याला आम्ही डबी म्हणतो. डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग. स्प्रिंग रॉड आत ओढून झडप बंद ठेवते. टर्बोचीच हवा नळीने डबीत येते, पडदा ढकलते, रॉड बाहेर सरकतो, झडपेची लिव्हर फिरते. साधं यंत्र आहे. पण हा टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला लगाम एवढाच.

सायलेन्सरचा पाइप उतरवून बॅटरी मारली आणि सगळं समोर दिसलं. झडप आगकाडीच्या जाडीएवढी उघडी होती. तिच्या बैठकीचा अर्धा गोल घासून चकचकीत, उरलेला अर्धा काजळीने काळा. म्हणजे बसवल्या दिवसापासून ती एकदाही पूर्ण बसली नव्हती. दीड महिना निम्मा धूर पंख्याला न फिरवताच निघून जात होता.

कारणही तिथेच होतं. हा टर्बो दुसऱ्या मांडणीच्या गाडीवरचा. हवेचं तोंड इंटरकूलरच्या पाइपसमोर आणायला बसवणाऱ्याने हवेच्या बाजूचं घर फिरवलं. फिरवावंच लागतं, त्यात काही चूक नाही. पण डबीचा ब्रॅकेट त्या घरावर असतो आणि लिव्हर धुराच्या घरावर. घर फिरलं तशी डबीही फिरली आणि लिव्हरच्या जवळ आली. रॉड आता लांब पडत होता. रॉडच्या टोकाचं भोक लिव्हरच्या पिनवर बसेना, तेव्हा लिव्हरच ढकलून झडप उघडी केली, भोक पिनवर चढवलं आणि लॉक मारून दिलं. रॉडला मधे थोडा बाकही आला होता.

इथे माझ्याकडून जे झालं ते सांगायलाच हवं. आप्पांची केळी मळ्यात कापून पडली होती, संध्याकाळी भरायची होती. उन्हात घड थांबत नाही. मी घाई केली. रॉडच्या टोकाचा नट फिरवून रॉड आखूड केला, झडप बैठकीवर घट्ट बसलेली पाहिली आणि गाडी बाहेर काढली. धुळे-सोलापूर रस्त्याला लागताच गाडीने असा जोर धरला की आप्पांचा मुलगा हसायला लागला. माझी नजर काट्यावर होती. बारा, चौदा, सतरा. काटा थांबेना. "पाय काढ!" मी ओरडलो.

गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं. रॉड तिरका ओढत असल्याने पिनवर आडवा दाबत होता आणि लिव्हर बुशात, म्हणजे ती फिरते त्या नळीत, अडकत होती. आधी झडप बंद होत नव्हती, आता उघडत नव्हती. घाटात अर्धा तास असा दाब राहिला असता तर हेड गॅस्केट उडालं असतं किंवा शाफ्ट गेला असता. ओढ कमी वाटली की रॉड आखूड करून देणारे पुष्कळ आहेत, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या दुपारी मीही तेच केलं होतं. रॉडची लांबी मी पाहिली, त्याची रेघ पाहिलीच नाही.

आप्पांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला म्हणाले, "फोन कर. केळी सकाळले भरू."

टर्बो खाली उतरवला. हवेचं घर आहे त्याच कोनात ठेवणं भाग होतं, नाहीतर पाइप जुळत नाही. तेव्हा डबीची जागाच बदलायची ठरवली. पुठ्ठ्याचा तुकडा कापून, दुमडून, चार वेळा टाकून पाचव्यांदा माप बसलं. रॉड डबीतून निघतो त्याच रेषेत पिनपर्यंत जायला हवा आणि लिव्हरशी काटकोनाच्या जवळ राहायला हवा. त्या पुठ्ठ्यावरून लेथवाल्याने रात्री आठला दुकान पुन्हा उघडून जाड पत्र्याचा ब्रॅकेट करून दिला. रॉडचा बाक व्हाइसमध्ये सरळ केला, डबीवर जोर येऊ न देता. नट फिरवताना रॉड पकडीने धरून ठेवावा लागतो. रॉड स्वतःभोवती फिरला तर आतला पडदा फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

सेटिंगसाठी मोजून हवा हवी. पंक्चरवाल्याची नळी थेट लावली तर शंभरावर पौंडांनी पडदा जागीच जाईल. शेजारच्या पेंटरकडून स्प्रे गनचा रेग्युलेटर आणला, त्याला छोटा गेज असतो. रॉडचं भोक पिनच्या थोडं अलीकडे राहील असं ठेवून, ओढून बसवलं, म्हणजे झडपेवर स्प्रिंगचा ताण राहतो. रॉड किती सरकतो ते मोजायला डायल गेज लावला. सात, नऊ, काहीच नाही. अकराला सुई थरथरली, बाराला रॉड एक मिलिमीटर सरकला. हवा सोडली की झडप टक् करून बसायची. तो आवाज मी पोऱ्याकडून दहा-पंधरा वेळा करवून घेतला. एकदाही अडकली नाही.

टर्बो चढवून, ऑइलच्या तोंडात ऑइल ओतून, डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला. मग चालू करून गाडी निवांत राहू दिली. तोपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते.

दुसऱ्या दिवशी भरली गाडी घेऊन मी स्वतः त्यांच्यासोबत गेलो, पोऱ्या मागून मोटरसायकलवर. गेज डॅशबोर्डला चिकटपट्टीने लावलेला. घाट सुरू झाला, मुलाने सवयीने पहिल्यावर हात नेला. मी म्हटलं, राहू दे दुसऱ्यावर. काटा बारावर गेला, किंचित वर चढला, पुन्हा बारावर येऊन थांबला. वळणाला पाय सुटला की खाली, दाबला की पुन्हा बारा. मागे आरशात पोऱ्या स्वच्छ दिसत होता. आप्पा रस्त्याकडे बघतच नव्हते, काट्याकडे बघत होते.

वर पोचल्यावर सावली पाहून गाडी थांबवली. बोनेट उघडून टॉर्चने रॉड पाहिला. सरळ होता, पिन मोकळी होती. खिशातून पिवळा रंग काढला आणि नट व रॉड यांच्यावरून एकच आडवी रेघ ओढली. कोणी नट फिरवला तर ती रेघ तुटलेली दिसेल.

"हाई कसाले?" आप्पांनी विचारलं.

सांगितलं. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि ती रेघ बोटाने दाखवली.