मावशीच्या गावाला

आमचा लेक पहिला शब्द बोलला तो ‘बाबा’. त्यात वादाला जागाच नव्हती, कारण चिनी भाषेतही बापाला बाबाच म्हणतात. दुसऱ्या शब्दाचं तसं झालं नाही. तो दीड वर्षाचा असेल. एका सकाळी पलंगाचा कठडा धरून उभा राहिला आणि ‘आयी, आयी’ करत हात पुढे करायला लागला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिने त्याला उचलून छातीशी धरलं, तिचे डोळे भरून आले. तो मात्र तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. दारात मावशी बाहेरच्या चपला काढून घरातल्या चपला घालत होत्या.

चिनीत मावशीला ‘आयी’ म्हणतात. घरी मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईलाही आयीच म्हणतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणतो, अगदी तसंच. म्हणून आम्ही दोघं आपसात त्यांना मावशीच म्हणतो. त्या सकाळी हे सगळं बायकोला समजावून सांगणारा मीच होतो, आणि ते सांगायला नको होतं असं मला अजून वाटतं.

आम्ही चीनमधल्या सुचौला राहतो. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. कारखाना इथल्या औद्योगिक वसाहतीत आहे, चीन आणि सिंगापूरने मिळून 1994 साली उभी केली ती. बायकोची नोकरी शांघायला. वेगवान गाडीने अर्ध्या तासाचंच अंतर, पण दारापासून दारापर्यंत धरलं तर जाऊन येऊन चार तास जातात. ती सकाळी सव्वासातला निघते, मी आठला. मावशी साडेसहाला येतात आणि संध्याकाळी साडेसातला जातात. आमच्या मुलाचा जागेपणाचा बहुतेक वेळ त्यांच्याकडे असतो. त्यांनी त्याचं घरगुती नाव ठेवलंय तोउतोउ, म्हणजे वाटाण्याएवढा दाणा.

माझी आई चिंचवडला असते. तिचे गुडघे गेलेत आणि 2020 पासून 2025 पर्यंत भारतातून इकडे थेट विमान नव्हतं, सिंगापूर नाहीतर हाँगकाँगवरून यावं लागायचं. तिला एवढ्या लांबून आणायचं माझ्या जिवावर येतं. तिच्याकडे व्हॉट्सॲप आहे, ते इथे चालत नाही. इथे सगळे वीचॅटवर, त्यावर भारतात बंदी. मग व्हीपीएन लावून फोन जोडायचा. तो लागतो तेव्हा आजीचा चेहरा अर्ध्यातच थिजतो, आणि नातू पडद्यावर हाताने थापट्या मारतो. एकदा आईने विचारलं, ‘शू सांगतो का रे?’ मी म्हटलं, सांगतो, मावशींनी शिकवलंय. मावशी त्याला धरून ‘श्यू-श्यू’ करतात. आई हसली, म्हणाली, ‘म्हणजे आपल्यासारखंच की.’ त्यानंतर आई प्रत्येक फोनवर मावशींची चौकशी करते. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही, पण पडद्यावर दिसल्या की दोघीही हात जोडतात.

आता गावाबद्दल. मावशी आन्हुई प्रांतातल्या, हफेईच्या दक्षिणेला त्यांचं खेडं. मुलगा आणि सून यीवूला गोदामात काम करतात. साडेचार वर्षांचा नातू गावात आजोबांकडे असतो. तो सोबत का नाही, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. मावशींनी एकच शब्द सांगितला, हुकौ, म्हणजे राहण्याच्या जागेची सरकारी नोंदणी. नोंदणी गावातली असली की शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळवणं फार कठीण, आणि खासगी शाळा परवडत नाही. मग मुलं गावात आणि कमावते बाहेर. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती. पण वाचलेलं आपण स्वतःपासून किती लांब ठेवतो, ते या प्रवासात कळलं.

यंदा चंद्रवर्षाच्या सुट्टीत मावशी घरी जाणार होत्या. जानेवारीत बायकोला न्यूमोनिया झाला. मी मावशींना थांबायला सांगितलं, तिप्पट पगार देतो म्हणालो. त्या थांबल्या. वर्षातून दोनदाच गावी जाणारी बाई, त्यातली एक खेप मी काढून घेतली. महिन्याचे साडेपाच हजार युआन आम्ही देतो, तेवढ्यात काय काय येतं याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. एप्रिलमध्ये छिंगमिंगची तीन दिवसांची सुट्टी आली, पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण. मावशीच म्हणाल्या, तुम्हीही चला, तोउतोउला पिवळी शेतं दाखवू.

सुट्टीची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. आम्हाला तीन मिळाली, तीही वेगवेगळ्या डब्यांत. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, त्यामुळे तो मांडीवर. सुचौ स्टेशनवरची त्या दिवसाची गर्दी मला पुन्हा बघायची नाही. पण गर्दीतही बाळ कडेवर असलं की इथली माणसं वेगळी होतात. शेजारच्या आजींनी बसल्या बसल्या लेकाच्या पायजम्याखालून दिसणारा घोटा हाताने झाकला आणि मला रागावल्या: वसंतात अंगावरचं लवकर उतरवायचं नाही. स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी झाकणात ओतून त्याला पाजलं. सुरुवातीच्या वर्षांत अनोळखी माणसांनी मुलाला असं हात लावलेलं मला खपायचं नाही. आता मी घोटा झाकतो आणि आभार मानतो.

हफेईहून भाड्याच्या व्हॅनने दीड तास. डाव्या हाताला मोठा छाओहू तलाव आहे असं ड्रायव्हर सांगत होता, धुक्यात काही दिसलं नाही. मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेतं ओसरत आली होती. मावशी वाटेत एकही शब्द बोलल्या नाहीत. मांडीवर बुटांचं खोकं होतं. चालताना तळव्यात दिवे लागणारे बूट, ऑक्टोबरात घेतलेल्या मापापेक्षा एक नंबर मोठे.

व्हॅन अंगणात थांबली. आजोबा दाराशी उभे होते आणि त्यांच्या कोटाच्या मागे तो मुलगा. मावशी खाली उतरल्या, खोकं बोनेटवर ठेवलं, गुडघ्यावर बसल्या आणि दोन्ही हात पसरले. आजोबा म्हणाले, ‘नायनाय म्हण, नायनाय आली.’ नायनाय म्हणजे आजी. मुलगा कोटात अजूनच शिरला. एक डोळा फक्त बाहेर. मावशी तशाच बसून राहिल्या, हात पसरून. कुणीच काही बोलत नव्हतं.

आणि माझा लेक माझ्या हातातून सुटला. त्या उघड्या हातांकडे तो रोज धावतो, आजही धावला. ‘आयी, बाओ!’ म्हणजे मला उचल. तो जाऊन त्यांच्या मिठीत शिरला. आणि मावशींचे हात मिटले, सवयीने, काही ठरवून नाही. त्यांनी त्याला उचललं, त्याच्या नाकाला रुमाल लावला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. नातवाचा तो एक डोळा हे सगळं बघत होता.

मी पुढे होऊन लेकाला त्यांच्याकडून घ्यायला गेलो. त्याने त्यांची मान घट्ट धरली. मी बोटं एक एक करून सोडवली. तो किंचाळला. ‘आयी! आयी!’ बायको माझ्या मागे उभी होती. तिने त्याला माझ्याकडून घेतलं आणि शेताच्या बांधावरून लांब चालत गेली, त्याच्या रडण्याचा आवाज येईनासा होईपर्यंत. रात्री मला म्हणाली, ‘त्या मुलाला वाटलं असेल, हाच तो.’ मी विचारलं नाही, कोण. मला कळलं होतं.

बूट संध्याकाळी घालून बघितले. बसले नाहीत. मावशींनी टाच दाबली, जीभ ओढली, पुन्हा दाबली. मुलगा निमूटपणे पाय पुढे करून बसला होता, तेवढंच काय ते तो त्यांच्याजवळ आला. त्या म्हणाल्या, सहा महिन्यांत एवढा वाढला. दोनदा म्हणाल्या. माझ्या लेकाच्या पायाचं माप त्यांना न बघता सांगता येतं, रोज सकाळी मोजे त्याच घालतात. ते बूट त्यांनी माझ्या हातात दिले, तोउतोउला दोन वर्षांनी होतील म्हणाल्या. नाही म्हणणं मला जमलं नाही आणि घेणंही जमलं नाही. खोकं रात्रभर टेबलावर पडून होतं. शेवटी बायकोने ते आमच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कबरीवर गेलो. उतारावर, शेतांच्या मधोमध मातीचे उंचवटे. गवत काढलं, कागदी पैसे जाळले. नातू आजीच्या शेजारी बसून कागद एक एक करून आगीत टाकत होता. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघतात ते मला आठवलं. पाऊस आला, परतलो.

जेवण मात्र सांगायलाच हवं. मावशींनी बांधावरचा रानटी ओवा-दवण्याच्या वासाचा पाला खुडून आणला, धुऊन, चेचून, त्याचा कडू रस पिळून टाकला, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि तांदळाचं पीठ घालून हातावर वड्या थापल्या आणि तव्यावर भाजल्या. हाओझ् बाबा म्हणतात त्यांना. आमच्यासाठी चार बिनमांसाच्या वेगळ्या केल्या होत्या, बायको खात नाही हे त्यांच्या लक्षात होतं. कडा कुरकुरीत, आत मऊ. थालीपीठ आठवलं, पण वास कुठल्याही थालीपीठाला नसेल असा, ओल्या रानाचा. ‘बाबा’ हा शब्द ऐकून लेक वडी माझ्या तोंडाशी आणत राहिला. नातवाला त्याचं हसू आलं. तीन दिवसांत तो मुलगा आमच्यासमोर हसला तो तेवढ्या वेळेलाच. त्या रात्री तो आजीच्या पांघरुणात जाऊन झोपला.

रविवारी सकाळी निघायचं होतं. मावशी आमच्याच व्हॅनने, आमच्याच गाडीने परत येणार होत्या, सोमवारी साडेसहाला आमच्या दारात उभं राहायला. मी म्हणालो, तुम्ही आठवडाभर थांबा, मी रजा टाकतो. हे मी शुक्रवारीच म्हणायला हवं होतं. त्या नको म्हणाल्या. जितकं जास्त थांबू तितकं त्याला जड जाईल.

रोज संध्याकाळी साडेसात वाजले की मी लेकाला बाल्कनीत नेतो आणि खालच्या बस दाखवतो. एक बस, दोन बस, ती बघ निळी. आत मावशी आवाज न करता चपला बदलतात, दार ओढून घेतात. त्याने वळून बघितलं तर घर रिकामं असतं आणि तो थोडंच रडतो. दोन वर्षं आम्ही हे करतोय. ही युक्ती मावशींनीच मला शिकवली.

आम्ही पिशव्या व्हॅनमध्ये टाकत होतो तेव्हा आजोबा आणि नातू अंगणात नव्हते. व्हॅन वळणाला आली तेव्हा दिसले. तळ्याच्या काठावर, आमच्याकडे पाठ करून. आजोबांनी त्याचं एक बोट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पाण्यातली बदकं दाखवत होते. एक, दोन, तीन. मावशी खिडकीच्या काचेला टेकून बघत होत्या. माझा लेक त्यांच्या मांडीवर उभा राहिला, काचेवर तळवा ठेवला आणि त्यालाही बदकं दिसली. बदकाला चिनीत ‘या’ म्हणतात. ‘या-या,’ तो ओरडला, ‘आयी, या-या!’

‘हो,’ मावशी म्हणाल्या, ‘या-या.’ आणि त्याचा मोजा वर ओढला.