जिममधली मिस्सा

मंगळवारी सकाळी बुलेटिनची फाईल उघडली आणि मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या, वेळापत्रकातली एक ओळ सिलेक्ट केली. रविवार, दुपारी साडेबारा, लॅटिन मिस्सा. एवढीच ओळ. डिलीट दाबायला दहा मिनिटं लागली मला, कारण ही मिस्सा बंद होत नव्हती, फक्त चर्चमधून निघून शेजारच्या शाळेच्या जिममध्ये जाणार होती, आणि तिची वेळ बुलेटिनमध्ये छापायची नाही असा निरोप होता.

मी मूळची वसईची. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि आता बरीच वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या एका चर्चच्या ऑफिसात काम करते. बुलेटिन, फोन, बाप्तिस्म्याचे दाखले, हॉलचं बुकिंग आणि चाव्या, हे सगळं माझ्याकडे. चर्चचं आणि धर्मप्रांताचं (एका बिशपांच्या हाताखालच्या भागाचं) नाव लिहीत नाही कारण अजून तिथेच नोकरी आहे आणि त्या माणसांना मी रोज भेटते.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (ही जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा), म्हणजे १९६९ला पोप पॉल सहावे यांनी नवीन मिस्सा आणली आणि त्याच सुमारास जगभर लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली. त्याआधी लॅटिन. फादर लोकांसोबत वेदीकडे तोंड करून उभे राहायचे, मधली मोठी प्रार्थना इतक्या हळू म्हणायचे की मागच्या बाकावर फक्त शांतता पोचायची. काही लोकांनी ती जुनी मिस्सा सोडलीच नाही. फ्रान्सच्या आर्चबिशप लफेव्र यांनी तर १९८८ला पोपची परवानगी नसताना चार बिशप केले आणि मोठी फूट पडली. पुढे २००७ला पोप बेनेडिक्ट यांनी सांगितलं की जुनी मिस्सा कधी रद्द झालीच नव्हती, फादरांना ती करता येईल, आणि अमेरिकेत अशा मिस्सा पटापट वाढल्या, त्यात पाच पाच सहा सहा मुलं असलेली तरुण जोडपीही बरीच. मग १६ जुलै २०२१ला पोप फ्रान्सिस यांचा आदेश आला. जुन्या मिस्सेचा वापर चर्चची एकी मोडायला आणि परिषदेलाच नाकारायला होतोय असं त्यांचं म्हणणं होतं. आता परवानगी बिशप देणार, आणि या लोकांसाठी जी जागा ठरवायची ती धर्मग्रामाचं, म्हणजे वस्तीचं नेहमीचं चर्च नसावी. त्याच डिसेंबरात रोमहून खुलासा आला की चर्चमध्ये करावी लागलीच तरी ती नेहमीच्या वेळापत्रकात घालणं योग्य नाही.

कागदावर हे वाचलं तर नियम वाटतो. माझ्या टेबलावर तो फोन होऊन आला. रोज पाच सहा फोन, "रविवारची लॅटिन मिस्सा वेबसाइटवरून गेली, बंद झाली का?" मी सांगायचे नाही हो, साडेबाराच, पण जिममध्ये, मागच्या पार्किंगमधून या. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. एका बाईंनी विचारलं, "जिममध्ये म्हणजे जिथे मुलं बास्केटबॉल खेळतात तिथे?" मी हो म्हटलं. त्या थँक यू म्हणाल्या आणि फोन ठेवला, आवाज चढवला नाही काही नाही, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

२०२२चा सप्टेंबर, जिममधला पहिला रविवार. आदल्या दिवशी मुलांच्या मॅचेस झालेल्या, जिममध्ये पॉपकॉर्नचा आणि बुटांच्या रबराचा वास कोंडलेला. मी साडेदहाला दार उघडलं तेव्हा बाहेर आठ दहा पुरुष आधीच उभे होते, टाय लावून. दोनशे फोल्डिंग खुर्च्या अर्ध्या तासात लागल्या. एका सुताराने प्लायवूडच्या तीन पायऱ्या बनवून आणल्या होत्या, त्यावर शाळेचं टेबल, त्यावर तीन पांढरी कापडं एकावर एक. सहा मेणबत्त्यांचे स्टँड, मधे क्रूस, वेदीवरची तीन प्रार्थनांची कार्डं फ्रेम केलेली. आणि मग दोन मुलं, बारा तेरा वर्षांची असतील, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक चपटी चौकोनी वस्तू चार हातांनी धरून घेऊन आली. तो वेदीचा दगड, त्यात संतांचे अवशेष असतात, जिथे पक्की वेदी नाही तिथे तो ठेवून त्यावर मिस्सा करतात. मुलं इतकी जपून चालत होती की माझ्या पोटात कालवलं.

प्रॉब्लेम झाला तो बास्केटच्या रिंगचा. वेदी बरोबर रिंगखाली आली होती. रिंग वर उचलायला भिंतीत किल्लीचं बटण आहे आणि ती किल्ली माझ्या जुडग्यात नव्हती, खेळाच्या सरांकडे होती, आणि सर गावाबाहेर. हे मी शुक्रवारीच बघायला हवं होतं, चूक माझीच. बाजूच्या भिंतीजवळ चला म्हटलं तर पायऱ्या, दगड, सगळं परत उचलायचं. कोणी मला एक शब्द बोललं नाही. उचललं त्यांनी, सगळं, परत लावलं, पण ज्या सुताराने पायऱ्या केल्या होत्या तो उभा राहून त्या रिंगकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "माझी मुलगी त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन वाढली, त्याच्या छताच्या पैशात माझे पैसे आहेत." चर्च तिथून चाळीस पावलांवर आहे. त्या वेळी रिकामं होतं. कुलूप लावलेलं, आणि ती किल्ली मात्र माझ्या जुडग्यात होती.

मिस्सा सुरू झाली. मी दाराजवळ उभी, कोणी उशिरा आलं तर रस्ता दाखवायला. बायकांच्या डोक्यावर जाळीचे पांढरे काळे स्कार्फ, मुलं लाकडी फ्लोअरवर बास्केटबॉल कोर्टाच्या रेषांवर गुडघे टेकून. गुडघ्यांखाली घ्यायला काही नव्हतं, म्हाताऱ्या बायकांनी कोट घड्या करून घेतले. आणि वर छताला दोन मोठे पंखे, त्यांचा घरघर आवाज इतका की फादरांचं मोठ्याने म्हटलेलंही ऐकू येईना. मोठी प्रार्थना जवळ आली तेव्हा मला काय वाटलं कुणास ठाऊक, स्टोअररूममध्ये गेले आणि पंख्यांचं बटण बंद केलं. बाहेर मरणाचं उकडत होतं. पण पंखे थांबत थांबत थांबले आणि मग जी शांतता झाली, तिच्यात फक्त मुलांचे श्वास आणि कोणाच्या तरी माळेचे मणी. मग छोटी घंटा वाजली.

मला आजी आठवली. लाल लुगड्यातली माझी आजी वसईत हीच मिस्सा ऐकत मोठी झाली होती. ती सांगायची की फादर तिकडे लॅटिनमध्ये काय ते म्हणायचे आणि आम्ही बायका इकडे रोजरी म्हणायचो, घंटा वाजली की मान खाली घालायची एवढं कळायचं. "एत कुम स्पिरितु तुओ" तिला तोंडपाठ होतं, अर्थ विचारला तर हसायची. पण मराठी मिस्सा आली आणि वेदीवरून "आमच्या बापा"ची प्रार्थना पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकली तेव्हा ती रडली होती, आणि ही गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली असेल. आमच्या घराला ती नवीन मिस्सा म्हणजे देणगी होती, कोणी आजीकडून काही हिसकावलं असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आणि इथे माझ्यासमोर अशी माणसं होती ज्यांना नेमकं उलटं झालं होतं. तिशीतली माणसं, इंग्रजी मिस्सेत वाढलेली, ती शांतता पहिल्यांदा भेटली तेव्हा रडलेली.

म्हणून मला या लोकांचं एक बोलणं सहन होत नाही आणि तेही लिहिते. मिस्सा झाल्यावर खुर्च्या घड्या करताना एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, नवीन मिस्सा म्हणजे नुसता कार्यक्रम, त्यात देवाला काय मान. मी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि त्यांना आजीचं सांगितलं. म्हटलं, आमच्या वसईत त्याच नवीन मिस्सेत माणसं गुडघे टेकून आयुष्यभर देवाला भेटली, त्याला तुम्ही कार्यक्रम म्हणू नका. ते लाल झाले, सॉरी म्हणाले, मग आम्ही दोघं न बोलता खुर्च्या रचत राहिलो. बिशपांना भीती वाटते ती असल्या बोलण्याची आणि ती भीती खोटी नाही. पण त्या जिममधल्या दोनशे माणसांत असं बोलणारे मला चार पाच भेटले. बाकीच्यांना कोणाशी भांडायचं नव्हतं, पोपसाठी आणि बिशपसाठी तर ते प्रत्येक मिस्सेत नाव घेऊन प्रार्थना करतात.

सोमवारी दोन स्वयंसेवकांसोबत दानाची पाकिटं उघडली. नेहमीचे चेक होते, शाळेसाठी, गरिबांसाठी, कमी झाले नव्हते. पण बिशपांच्या वार्षिक निधीची पाकिटं एकामागून एक रिकामी, आत फक्त चिठ्ठ्या. काहींवर चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन २१२, म्हणजे आपली गरज आणि आपलं मत धर्मगुरूंना सांगायचा श्रद्धावंतांना हक्क आहे. काहींवर नुसतं "आम्हाला घरी येऊ द्या." एका आजीबाईंचा दर आठवड्याचा वीस डॉलरचा चेक होता, त्याच्या खालच्या रेघेवर थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, गुडघ्यांखालच्या गाद्यांसाठी. रिकाम्या पाकिटांचं काय करायचं विचारायला मी फादरांकडे गेले. फादर बिचारे मधल्यामधे, बिशपांना आज्ञाधारक राहायची शपथ आणि समोर ही माणसं. ते म्हणाले, चिठ्ठ्या फेकू नकोस, एका मोठ्या पाकिटात घालून वर पाठव. पाठवल्या. उत्तर आलं नाही.

आम्ही एकटे नव्हतो. त्याच उन्हाळ्यात आर्लिंग्टनच्या धर्मप्रांतात एकवीस धर्मग्रामांत चालणारी जुनी मिस्सा आठ ठिकाणांवर आली, वॉशिंग्टनमध्ये तीन ठिकाणं राहिली. पुढे २०२५ला डेट्रॉइटमध्ये धर्मग्रामांच्या चर्चेसमधून ती गेली, शार्लटमध्ये चार चर्चेसमधून काढून एका चॅपलला, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात नेली. प्रत्येक बातमी वाचली की मला डोळ्यासमोर येतं, तिथेही एखादी ऑफिसवाली ती ओळ सिलेक्ट करून बसली असेल. आमच्याकडची दोन कुटुंबं त्या पहिल्या वर्षातच लफेव्र यांच्या त्या वेगळ्या झालेल्या संघाच्या चॅपलला जायला लागली, सव्वा तास ड्राइव्ह करून. एकीसाठी केलेल्या नियमाने माणसं बाहेर गेली हे मी माझ्या रजिस्टरमध्ये बघितलंय, नावापुढे पत्ता तोच आणि पाकिटं बंद.

आणि मग जिममधल्या त्या पहिल्या रविवारनंतरच्या वसंतात बिशप आले. दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार), मोठ्या चर्चमध्ये, साडेदहाची मिस्सा. बारा वाजून गेले तरी फोटो चालू होते आणि तोवर मागच्या पार्किंगमध्ये जिमवाल्यांच्या व्हॅन यायला लागल्या. मी जिमची किल्ली घेऊन निघालेले. बिशपांची गाडी त्याच पार्किंगमधून बाहेर पडणार होती, दुसरा रस्ता नाही. मला वाटलं आता कोणीतरी ओरडणार, फलक काढणार. कोणी काही केलं नाही. गाडी हळू झाली आणि एका आईने मुलांना काहीतरी सांगितलं आणि ती पाचही मुलं डांबरावर गुडघे टेकून बसली, सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं असेल. मग बाकीचेही. बिशपांनी गाडी थांबवायला सांगितलं, उतरले, मुलं एकेक करून त्यांच्या अंगठीला ओठ लावायला लागली, जुनी रीत आहे ती. बिशपांचा चेहरा मी जवळून बघितला. ते कठोर दिसत नव्हते, दमलेले दिसत होते. धाकट्याच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

सुतार पुढे आला आणि म्हणाला, "बिशप, पाच मिनिटं आत या. नुसतं बघा आम्ही कुठे आहोत."

बिशपांनी जिमच्या दाराकडे बघितलं. माझ्याकडे, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. बरोबरच्या फादरांनी घड्याळ दाखवलं, तीन वाजता दुसऱ्या गावी दृढीकरण होतं. ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो," आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, आणि ते गाडीत बसले.

गाडी वळेपर्यंत सगळे तसेच उभे होते. मग सुताराने कोटाच्या बाहीने मुलांच्या गुडघ्यांवरची खडी झटकली, मी दार उघडलं, आणि पंखे बंद करायला स्टोअररूममध्ये गेले.