सँड प्लँटचा पीएलसी: लॅडर कुठे, टेक्स्ट कुठे

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड प्लँटचं, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागाचं, रिले पॅनेल काढून पीएलसी (मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) बसवायचं काम आमच्याकडे आलं. केबल, सेन्सर, ड्राइव्ह यांचं लवकर ठरलं. वाद झाला तो प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा यावर. आमच्याकडचा नवा इंजिनिअर कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आलेला, त्याला सगळं स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे ओळीओळीने लिहिलेल्या कोडमध्ये, हवं होतं. फाउंड्रीच्या मेंटेनन्समधले अण्णा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, लॅडरशिवाय, म्हणजे रिलेच्या ड्रॉइंगसारख्या दिसणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय, काही ऐकायला तयार नव्हते.

दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आलं, त्यात लॅडर, फंक्शन ब्लॉक डायग्रॅम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट असे पाच प्रकार होते. इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, त्यामुळे ती आम्ही विचारातच घेतली नाही. उरलेल्यांपैकी एकच निवडा असं मानक कुठेही म्हणत नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळे ब्लॉक वेगवेगळ्या भाषांत चालतात, आणि माझ्या मते खरी सोय तीच आहे.

सुरुवात बेल्टच्या इंटरलॉकपासून केली. नॉकआउटवरून (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून) आलेली रिटर्न सँड, म्हणजे परत वापरायची वाळू, बेल्टवरून हॉपरपर्यंत (वाळू साठवायच्या टाकीपर्यंत) जाते. चालू करताना हॉपरकडचा बेल्ट आधी आणि नॉकआउटकडचा शेवटी. मधला एखादा थांबला तर त्याच्या मागचे सगळे ताबडतोब थांबले पाहिजेत, नाहीतर वाळूचा ढीग लागतो आणि माणसं फावडी घेऊन उपसत बसतात.

हा भाग आमच्या इंजिनिअरने टेक्स्टमध्ये लिहून आणला होता. कोड नेटका होता, माझी काही तक्रार नव्हती. अण्णांनी लॅपटॉपवर तो बघितला आणि विचारलं, "साहेब, रात्रपाळीला बेल्ट थांबला तर का थांबला ते यात कुठं दिसणार? आम्ही काय वाचत बसायचं व्हय?"

मग तेच लॅडरमध्ये काढून ऑनलाइन दाखवलं. डावीकडून हिरवी रेघ येते, स्टॉप बटण, ओव्हरलोड, पुल कॉर्ड (ओढून बेल्ट थांबवायची दोरी) असा एकेक कॉन्टॅक्ट पार करते आणि पुढच्या बेल्टच्या झिरो स्पीड स्विचपाशी (बेल्ट खरंच फिरतोय का ते बघणारा स्विच) तुटते. अण्णांनी स्क्रीनवर तिथंच बोट ठेवलं, "हा स्विच बघा." रिले ड्रॉइंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लॅडरचा जन्मच त्यासाठी झालाय. गाडीचं मॉडेल बदललं की कारखान्यातल्या रिले पॅनेलचं वायरिंग पुन्हा करावं लागायचं, त्याला पर्याय म्हणून १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने नवा कंट्रोलर मागितला, आणि तो तिथल्या इलेक्ट्रिशियनना वाचता यावा म्हणून प्रोग्रॅमला ड्रॉइंगचंच रूप दिलं गेलं.

एक गोष्ट मात्र अण्णांना सांगावी लागली. स्टॉप बटण वायरिंगमध्ये एनसी (नॉर्मली क्लोज्ड) असतं, म्हणजे न दाबता पीएलसीला सिग्नल मिळत राहतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याचा कॉन्टॅक्ट एनओ (नॉर्मली ओपन) काढतात. वायर तुटली तरी मशीन थांबतं. इमर्जन्सी स्टॉपची सेफ्टी रिले तर आम्ही प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवलीच नाही, ती वेगळी हार्डवायर केली.

मिक्सरमधल्या पाण्याचा हिशोब आला तेव्हा चित्र उलटं झालं. ५०० किलो वाळू आहे, तिचं मॉइश्चर २ टक्के आहे आणि ३.५ टक्के हवं आहे, तर साधारण ७.५ लिटर पाणी लागतं. वाळू गरम असेल तर वाफ होऊन जाणारं पाणी धरायचं, आणि वर-खाली मर्यादा घालायची, कारण पाणी जास्त झालं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) आणि कमी झालं की मोल्ड ढासळतो. लॅडरमध्ये हे लिहायचं म्हणजे वजाबाकीचा ब्लॉक, गुणाकाराचा ब्लॉक, भागाकाराचा ब्लॉक आणि प्रत्येकाचं उत्तर ठेवायला वेगळा टॅग, म्हणजे नाव दिलेली जागा. स्क्रीन सरकवता सरकवता सूत्र हरवून जातं. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये सूत्र एका ओळीत बसलं आणि मर्यादेसाठी दोन इफ लागले. फाउंड्रीच्या सँड लॅबमधल्या मॅडमना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, पण ती ओळ वाचून त्या म्हणाल्या, "तापमानाची दुरुस्ती वजनानं गुणायच्या आधी करताय की नंतर?" लॅडरच्या ब्लॉकमधून हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

टेक्स्टमध्ये जपायचं एवढंच, की फॉर लूप (तीच कृती ठराविक वेळा करणारा कोड) एका स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीच्या, आत पूर्ण होतो. लूप फार लांबला तर वॉचडॉग टाइमर सीपीयू थांबवतो. कॉम्प्युटरवर शिकलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

मिक्सरचा बॅच सिक्वेन्स, म्हणजे वाळू, बेंटोनाइट, पाणी, मिक्सिंग, दार उघडणं, हा आम्ही सिक्वेन्शियल फंक्शन चार्टमध्ये, म्हणजे एकामागून एक स्टेप दाखवणाऱ्या आकृतीत, केला. अडकलं की कुठल्या स्टेपवर आणि कशाची वाट बघत अडकलं ते लगेच दिसतं.

पाण्याच्या ब्लॉकवर पासवर्ड ठेवायचा का, यावर शेवटी थोडी ओढाताण झाली. मी ठेवू दिला नाही. प्लँट त्यांचा आहे, प्रोग्रॅमही त्यांना उघडता आला पाहिजे. लॅडरच्या प्रत्येक ओळीवर आणि प्रत्येक सूत्रावर मराठीत कॉमेंट टाकल्या, छापील प्रत पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवली आणि बॅकअप अण्णांच्या ताब्यात दिला. सूत्रातले आकडे बदलायचा अधिकार मात्र सँड लॅबकडेच ठेवला.